प्राण्यांसाठी राबणाऱ्यांनी स्वतः कसे टिकावे : एक व्यावहारिक मार्गदर्शक

जखमी कुत्री-मांजरे उचलून आणणारे स्वयंसेवक, निवाऱ्यातील मदतनीस, खासगी दवाखाना चालवणारे पशुवैद्यक, तालुक्याच्या दवाखान्यातील पशुधन पर्यवेक्षक, सर्पमित्र आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या वस्तीत अन्न घेऊन जाणारे फीडर यांची कामे एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. तरीही काही वर्षांनी यांपैकी अनेकांच्या तोंडी एकच तक्रार येते, ती म्हणजे फोन वाजला की पोटात गोळा येतो. अशा माणसाला चार दिवस बाहेरगावी जाण्याचा, ध्यानधारणेचा किंवा मन घट्ट करण्याचा सल्ला मिळतो. सल्ला वाईट नसतो, पण तो चुकीच्या टोकापासून सुरू होतो. या कामात माणूस खचतो तो जीव फार लावल्यामुळे नव्हे. किती प्राणी घ्यायचे याला लेखी मर्यादा नसते आणि कोणाला जगवायचे, कोणासाठी थांबायचे हे निर्णय त्याला एकट्याने पेलावे लागतात, म्हणून तो खचतो. त्यामुळे पुढील पायऱ्यांत आधी कामाची रचना बदलण्याचे उपाय आहेत आणि व्यक्तिगत उपाय त्यानंतर येतात.

पहिली पायरी : थकवा कोणत्या जातीचा आहे, ते ओळखावे

बर्नआउटच्या अभ्यासात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी तीन अंगे मांडली आहेत : भावनिक शक्ती संपून जाणे, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याविषयीच कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काहीच साधत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित अवस्था, अशी ती नोंद आहे. ‘तुझेच मन कच्चे आहे’ असे ऐकवणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाने ही नोंद एकदा वाचायला हवी.

करुणेचा थकवा हा याहून वेगळा प्रकार आहे. तो कामाच्या तासांतून येत नाही, तर दुसऱ्याच्या यातना सतत जवळून पाहण्यातून येतो. गाडीखाली सापडलेले पिल्लू झोपेत दिसणे, ज्या चौकात ते सापडले तो रस्ता टाळणे, घरच्या कुत्र्याने साधी उलटी केली तरी छातीत धडधडणे ही त्याची ओळखीची लक्षणे होत. तिसरा प्रकार नैतिक ताणाचा आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ बर्नार्ड रोलिन यांनी १९८०च्या दशकात निवाऱ्यांतील कर्मचारी आणि पशुवैद्यक यांच्या संदर्भात त्याकडे लक्ष वेधले. ज्या जिवांचे भले करण्यासाठी माणूस या कामात आला, त्यांचाच जीव घेण्याची किंवा पैशाअभावी उपचार थांबवण्याची वेळ त्याच्यावर येते, तेव्हा बसणारा हा ताण विश्रांतीने उतरत नाही.

हे प्रकार वेगळे करण्याची एक ढोबळ पण उपयुक्त कसोटी आहे. चार दिवस पूर्ण रजा घेतल्यावर झोप सुधारली आणि कामाची थोडी ओढ वाटू लागली, तर प्रश्न मुख्यतः कामाच्या भाराचा आहे. रजेतही तीच दृश्ये डोळ्यांसमोर येत राहिली, तर करुणेचा थकवा आहे असे समजावे. दृश्यांऐवजी एखादा विशिष्ट निर्णय आणि तो घ्यायला लावणारी माणसे आठवून संताप येत असेल, तर ताण नैतिक आहे. अधिक पद्धतशीर तपासणीसाठी ‘प्रोक्वोल’ ही प्रश्नावली वापरता येते. तिच्यात ३० विधाने असतात, मागील ३० दिवसांचा विचार करून प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे असतात आणि कामातले समाधान, बर्नआउट व दुसऱ्याच्या आघाताचा ताण असे तीन वेगवेगळे निष्कर्ष मिळतात. ती निदानासाठी नाही, पण दर तीन महिन्यांनी भरून जपून ठेवल्यास घसरण केव्हा सुरू झाली हे कागदावर दिसते. स्वतःला ती सहसा उशिराच जाणवते.

दुसरी पायरी : मनाला दोष देण्याआधी शरीर तपासून घ्यावे

या पायरीकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. जनावरांत काम करणाऱ्या माणसाचा सततचा थकवा दरवेळी मानसिकच असतो असे नाही. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातांनी काढणाऱ्या किंवा कालवडींना ब्रुसेल्लाची लस टोचणाऱ्या पशुवैद्यकाला ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. या लशीत जिवंत जिवाणू असतात, त्यामुळे सुई स्वतःच्या बोटात शिरणे किंवा लशीचा थेंब डोळ्यात उडणे एवढेही संसर्गाला पुरते. येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी, उदासपणा आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे महिनोन्‌महिने रेंगाळतात आणि ‘कामाचा ताण’ म्हणून अंगावर काढली जातात. मुंबई, ठाणे आणि कोकणात पावसाळ्यात चिखलपाण्यातून प्राणी काढणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात आपला व्यवसाय सांगावा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर या नेहमीच्या तपासण्यांसोबत प्राण्यांपासून होणाऱ्या आजारांचाही विचार करावा, असे स्पष्टपणे म्हणावे.

रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस हा मनःशांतीचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, असे मला वाटते. आपल्याकडे रूढ असलेल्या वेळापत्रकात ती शून्याव्या, सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. ती पूर्ण झालेली असेल, तर पुढे चावा बसल्यास शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी अशा दोनच मात्रा लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज पडत नाही. चावा किंवा ओरखडा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळायचे नाही. लस न घेतलेला स्वयंसेवक प्रत्येक संशयास्पद चाव्यानंतर कित्येक रात्री भीतीत काढतो, आणि ही भीती साचत जाते.

आवाजाचाही विचार करावा. बंदिस्त निवाऱ्यात सगळी कुत्री एकदम भुंकू लागली की आवाज १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. आठ तासांच्या कामासाठी सुरक्षित मानलेली पातळी ८५ डेसिबलची आहे. संध्याकाळी घरी आल्यावर मुलांचा साधा गलकाही सहन होत नसेल, तर त्याचे कारण स्वभावात शोधण्यापूर्वी सकाळच्या साफसफाईच्या वेळी कानात इअरप्लग घालून आठवडाभर फरक पाहावा.

तिसरी पायरी : क्षमतेचा आकडा काढून भिंतीवर लावावा

निवाऱ्यात किती पिंजरे आहेत, यावरून क्षमता ठरत नाही. ती हातांवरून ठरते. अमेरिकेतील निवारा-व्यवस्थापनात एका प्राण्याची साफसफाई आणि खाणे यांसाठी दिवसाला किमान १५ मिनिटे धरतात. आपल्याकडील एखाद्या निवाऱ्यात ६० कुत्री असतील, तर या हिशेबाने रोजचे ९०० मिनिटे, म्हणजे १५ तास केवळ झाडलोट आणि खाणे यांतच जातात. म्हणजे आठ तासांच्या पाळीची दोन माणसे यातच संपली. मलमपट्टी, सलाईन, औषधे, शस्त्रक्रियेनंतरची देखरेख, फोन आणि नोंदी यांतले काहीही अजून सुरू झालेले नाही. अशा ठिकाणी दोनच माणसे असतील, तर ती खचणारच, आणि त्यांना योगवर्गाला पाठवून हे गणित बदलत नाही.

हा हिशेब आपल्या जागेपुरता करावा. रोज खात्रीने येणाऱ्या माणसांचेच तास मोजावेत, अधूनमधून येणाऱ्या स्वयंसेवकांचे मोजू नयेत. त्यांतून उपचार आणि नोंदींचा वेळ आधी वजा करावा आणि उरलेल्या मिनिटांना १५ ने भागावे. येणाऱ्या आकड्यापेक्षा चार-पाच जागा कमी धरून तो आकडा दर्शनी भिंतीवर लिहावा. घरी फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरते सांभाळायला, प्राणी ठेवणाऱ्यांनीही असा आकडा ठरवावा. स्वतःची नोकरी सांभाळणाऱ्या एकट्या माणसाकडे एका वेळी दोनहून अधिक आजारी प्राणी असू नयेत, असे माझे मत आहे. पार्व्हो या विषाणूजन्य, संसर्गजन्य आजाराचे पिल्लू घेतले असेल, तर दुसरे लस न झालेले पिल्लू घरात घेऊच नये, कारण तो विषाणू जागेत महिनोन्‌महिने टिकतो आणि पहिले वाचवताना दुसरे गमावण्याचे दुःख अकारण पदरी येते.

अपवाद करावे लागतात, हे खरे आहे. पण अपवाद करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे नसावा, दोघांनी मिळून तो निर्णय घ्यावा आणि त्या प्राण्याच्या नावापुढे तो कोणत्या तारखेला कुठे हलवला जाणार हे त्याच क्षणी लिहावे. बाहेर पडण्याची तारीख नसलेला अपवाद म्हणजे वाढवलेली क्षमता, आणि ती वाढवताना माणसे वाढवलेली नसतात.

वर्षाचे कॅलेंडरही आधीच आखावे. संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाने कापलेले पक्षी येतात, एप्रिल-मेमध्ये उष्माघाताने कोसळलेल्या घारी, पावसाळ्यात अळ्या पडलेल्या जखमा आणि घरात शिरलेले साप, दिवाळीत फटाक्यांनी बिथरून हरवलेली कुत्री. हे दरवर्षी घडते, तरी दरवर्षी ते अचानक आल्यासारखी धावपळ होते. या आठवड्यांत कोणाचीही सुट्टी धरू नये, पण त्यानंतरच्या आठवड्यात प्रत्येकाची सक्तीची सुट्टी कॅलेंडरवर आधीच नोंदवावी.

चौथी पायरी : फोनला दार बसवावे

बहुतेक स्वयंसेवकांचा व्यक्तिगत क्रमांक आज शेकडो अनोळखी लोकांकडे असतो. पहिले काम म्हणजे मदतीसाठी वेगळे सिम घेणे आणि तो फोन पाळीपाळीने फिरवणे. रात्री ज्याची पाळी नाही, त्याच्या घरात तो फोन असता कामा नये. दुसरे काम अगदी किरकोळ वाटेल, पण त्याचा गुण लगेच येतो : व्हॉट्सअ‍ॅपवरील फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करावे. सकाळी डोळे उघडताच दहा गटांतली उघडी जखम, तुटलेला पाय, विषबाधेने पडलेली पिल्ले पाहण्याने एकाही प्राण्याला मदत होत नाही. मदत मागणाऱ्याने आधी ठिकाण, प्राणी आणि अवस्था शब्दांत लिहावी आणि फोटो मागितल्यावरच पाठवावा, असा नियम गटाच्या वर्णनात घालावा.

नकार देणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग असतो, म्हणून नकाराचा मजकूर शांत वेळी लिहून ठेवावा. उदाहरणार्थ : ‘नमस्कार. आपण थांबून कळवलेत, त्याबद्दल आभार. आमच्याकडे सध्या जागा पूर्ण भरली आहे, त्यामुळे आम्ही हा प्राणी दाखल करून घेऊ शकत नाही. कुत्र्याला सावलीत घ्या, तोंडाभोवती कापड सैल गुंडाळा, पुठ्ठ्यावर किंवा चादरीवर सरकवून उचला आणि जवळच्या दवाखान्यात न्या. दवाखान्यांची यादी खाली देत आहोत. जखमेवर फिनाईल, पेट्रोल किंवा हळद घालू नका. डॉक्टरांना आमच्याशी बोलायचे असल्यास आम्ही उपलब्ध आहोत.’ अशा मजकुरात क्षमायाचना नाही आणि उपदेशही नाही. फोन करणारा केवळ बातमी देऊन मोकळा होत नाही, त्याच्या हातात एक काम येते. गाय, बैल, शेळी अशा पशुधनासाठी राज्यात १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो यादीत सर्वांत वर असावा.

पलीकडचा माणूस चिडतो, ‘मग संस्था कशाला काढली?’ असे विचारतो, व्हिडिओ टाकण्याची धमकी देतो. अशा वेळी तोच मजकूर एकदाच पुन्हा पाठवावा आणि संभाषण थांबवावे. खुलासे देत बसण्यात गेलेला अर्धा तास आत दाखल असलेल्या प्राण्यांच्या वाट्यातून जातो.

पाचवी पायरी : दयामरणाचा निर्णय एकट्यावर पडू देऊ नये

ज्याच्या पाठीचा कणा मोडला आहे, मागचा भाग लुळा पडला आहे, लघवी अडकली आहे आणि अंगाखाली व्रण होऊ लागले आहेत, अशा कुत्र्यासमोर संध्याकाळी सात वाजता एकट्याने उभे राहून निर्णय घेणे, ही या व्यवसायातील सर्वांत जड गोष्ट आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांमध्येही असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी भटक्या कुत्र्याचे निदान एका पथकाने करावे, दयामरण पात्र पशुवैद्यकाच्या हातूनच व्हावे, ते दुसऱ्या कुत्र्यासमोर होऊ नये आणि त्याची नोंद ठेवावी, अशी अपेक्षा आहे. या तरतुदी प्राण्याच्या संरक्षणासाठी आहेत, पण त्या माणसाचेही संरक्षण करतात, असे मी मानतो.

निर्णयासाठी एक पानी नमुना तयार ठेवावा. त्यात वेदना औषधांनी आटोक्यात आहेत का, प्राणी स्वतःहून खातो-पितो का, उठून जागा बदलू शकतो का, सुधारणेची शक्यता पशुवैद्यकाला किती वाटते आणि पुढची कित्येक वर्षे त्याची देखभाल प्रत्यक्षात कोण करणार, असे प्रश्न असावेत. शेवटचा प्रश्न निर्दयी वाटतो, पण तो टाळल्यामुळेच अनेक प्राणी वर्षानुवर्षे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पडून राहतात आणि त्यांच्यासोबत त्यांना सांभाळणारा मदतनीसही झिजतो. पशुवैद्यकासह किमान दोन सह्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रत्यक्ष कृतीचीही शिस्त ठरवावी. ती दिवसाच्या अगदी शेवटी ठेवू नये, कारण मग माणूस तेच ओझे घेऊन घरी जातो. तिला लागून नसबंदीच्या शस्त्रक्रियाही ठेवू नयेत. आधी गुंगीचे औषध देऊन प्राणी पूर्ण शांत झाल्यावरच पुढचे इंजेक्शन द्यावे. ज्या मदतनिसाने त्या प्राण्याला महिनाभर भरवले, त्याला जवळ थांबायचे आहे का, हे त्यालाच विचारावे आणि तो नको म्हणाला तर कारण विचारू नये. स्टेथोस्कोपने हृदय थांबल्याची खात्री झाल्यावर दहा मिनिटे कोणीही कोणतेही काम करू नये. एकाच पशुवैद्यकाकडे आठवडाभर हेच काम येत असेल, तर पाळी बदलावी.

या कामासाठीची औषधे कुलूपबंद कपाटात ठेवावीत, किल्ली दोघांच्या संमतीनेच वापरली जावी आणि प्रत्येक मिलिलिटरची नोंद व्हावी. अमेरिकेतील १९७९ ते २०१५ या काळातील मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आत्महत्येचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत पुरुष पशुवैद्यकांत २.१ पट आणि महिला पशुवैद्यकांत ३.५ पट आढळले. जीवघेणी औषधे सहज हाताशी असणे हे त्यामागील एक कारण मानले जाते. दोघांच्या संमतीचा नियम हा कोणावरचा अविश्वास नव्हे, हे तो लागू करतानाच सर्वांना सांगावे.

गोशाळा आणि पांजरपोळ यांमध्ये दयामरण तत्त्वतः मान्य नसते, आणि अनेक कार्यकर्त्यांच्या घरचे संस्कारही तसेच असतात. त्या भूमिकेशी वाद घालण्याचे कारण नाही, पण तिची किंमत कोण मोजतो ते पाहावे. बसकण मारलेल्या गाईची दर काही तासांनी कूस बदलावी लागते, खाली मऊ अंथरूण लागते, व्रण धुवावे लागतात, आणि हे महिनोन्‌महिने चालते. मारायचे नाही असे ठरवणाऱ्या संस्थेने वेदनाशामक औषधांचा खर्च आणि या कामासाठी पाळीपाळीने येणारी माणसे यांची तरतूदही त्याच ठरावात करायला हवी.

सहावी पायरी : बोलण्याची जागा ठरवावी

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसावे. या बैठकीत कामाचे वाटप करू नये. या आठवड्यात काय जड गेले, काय बरे झाले आणि पुढच्या आठवड्यात कोणाला कोणते काम नको आहे, एवढेच तीन प्रश्न असावेत. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यामुळे ‘मला आता पार्व्होचा वॉर्ड नको’ हे बोलण्याची सोय होते आणि ती तक्रार ठरत नाही.

कोणतीही भीषण घटना सहकाऱ्याला सांगण्यापूर्वी त्याची तयारी आहे का, हे विचारण्याची सवय लावावी. ‘एक वाईट केस सांगायची आहे, आता सांगू की नंतर?’ एवढे वाक्य पुरते. तपशीलही गरजेपुरताच द्यावा. जखम कशी दिसत होती यापेक्षा आपल्याला काय वाटले, हे बोलणे ऐकणाऱ्यालाही झेपते. घरच्यांच्या बाबतीतही हाच नियम पाळावा.

नोंदवहीत मृत्यू आपोआप नोंदवले जातात, पण बरे होऊन गेलेल्यांची दखल कोणी घेत नाही. घर मिळालेल्या प्राण्याचा तीन महिन्यांनंतरचा फोटो मागवण्याचे काम एखाद्या स्वयंसेवकाकडे कायमचे सोपवावे. मास्लाक यांनी सांगितलेल्या तिसऱ्या अंगावर, म्हणजे ‘काहीच साधत नाही’ या भावनेवर, याहून नेमका उपाय मला माहीत नाही.

सातवी पायरी : पैसा आणि माणसे

पैशाबद्दल थोडक्यात. प्राण्यांचा खर्च वेगळ्या बँक खात्यातून करावा, स्वतःच्या पगारातून द्यायच्या रकमेची महिन्याची कमाल मर्यादा ठरवावी आणि दवाखान्यातील उधारी त्या मर्यादेच्या आत ठेवावी. घरात सांगता येणार नाही इतकी उधारी झाली असेल, तर नवीन प्राणी घेणे त्याच दिवशी थांबवावे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्राण्यांपेक्षा माणसांचाच जास्त त्रास होतो, असे फीडर सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. सोसायटीच्या गटावर रात्री अकरा वाजता सुरू झालेला वाद जिंकता येत नाही. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि ये-जा करण्याच्या वाटांपासून दूर ठरवाव्यात, असे म्हटले आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नेमून दिलेल्या जागांवर भर दिला. त्यामुळे जागा ठरवून घेण्यासाठी सोसायटी आणि पालिका यांच्याकडे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि गटावर फक्त त्या अर्जाची प्रत टाकावी. अन्न घालायला शक्यतो दोघांनी जावे, वेळ ठरलेली असावी आणि जागा स्वच्छ करूनच निघावे. आपल्या भागातील नसबंदी झालेल्या कुत्र्यांची आणि रेबीज लसीकरणाच्या तारखांची यादी जवळ असेल, तर बोलणे भावनेवरून माहितीवर येते. ज्यांना कुत्र्यांची खरोखर भीती वाटते, त्यांच्याशी मात्र समोरासमोर आणि आदराने बोलावे. ती भीती खोटी नसते.

साथ आणि आपत्तीच्या काळात

सरकारी पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांचा ताण शहरी स्वयंसेवकांच्या चर्चेत क्वचितच येतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळल्यावर लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत गावोगाव फिरून लसीकरण करावे लागले. २०१९च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जनावरे वाहून गेली, गोठ्यात बांधलेल्या जागी बुडाली. अशा वेळी भरपाईसाठी शवविच्छेदन आणि दाखला देणारा अधिकारी दिवसभर मेलेल्या जनावरांजवळ उभा असतो, आणि शेजारी उभा असतो तो शेतकरी, ज्याची बैलजोडी गेली. अधिकाऱ्याला तिथे रडता येत नाही आणि घाईही करता येत नाही.

अशा कामाला एकट्याला पाठवू नये. दोघांच्या जोडीत एकाने शवविच्छेदन करावे आणि दुसऱ्याने शेतकऱ्याशी बोलावे, कागद भरावेत. दुसऱ्या दिवशी भूमिका बदलाव्यात. शेतकऱ्याला खोटा दिलासा देण्याऐवजी त्याच्या जनावराचे नाव विचारावे, कागदपत्रांची पुढची पायरी सांगावी आणि दाखला कधी मिळेल ते स्पष्ट सांगावे. वरिष्ठांनी रोजचा आकडा मागताना जेवण झाले का, हेही विचारावे, आणि मोहीम संपल्यावर आठवडाभराच्या आत पर्यायी रजा प्रत्यक्षात द्यावी. कागदावर साठलेली रजा थकवा उतरवत नाही.

बाहेरची मदत केव्हा घ्यावी

सलग दोन आठवडे झोप उडणे, रोज दारूचा आधार लागणे, प्राण्यावर हात उगारला जाणे किंवा औषध मुद्दाम चुकवले जाणे, जगण्याचा कंटाळा येणे यांपैकी एकही गोष्ट घडत असेल, तर सहकाऱ्यांशी बोलून भागणार नाही. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही जाता येते. स्वतःला संपवण्याचा विचार मनात येत असेल, तर औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच क्षणी दुसऱ्याकडे द्यावी, एकटे राहू नये आणि फोन लावावा. समुपदेशकाला आपले काम नीट समजावून सांगावे. ‘कुत्रेच तर होते’ असे उत्तर मिळाले, तर समुपदेशक बदलावा, उपचार सोडू नयेत.

रजा, आणि कधीकधी निरोप

रजेवर जाता येत नाही, कारण प्राण्यांची माहिती एकाच्याच डोक्यात असते. म्हणून प्रत्येक प्राण्याचा एक कागद पिंजऱ्यावर लावावा : नाव, औषधे आणि वेळा, काय खातो, कशाला घाबरतो, चावतो का, कोणत्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत आणि तातडीच्या वेळी किती खर्चापर्यंत विचारण्याची गरज नाही. हा कागद तयार असला की रजेतले बहुतेक फोन आपोआप टळतात. पहिली रजा किमान सात दिवसांची घ्यावी आणि मदतीचा फोन दुसऱ्याकडे सोपवूनच घराबाहेर पडावे. परतल्यावर पहिला आठवडा अर्ध्याच कामाचा असावा आणि त्यात दयामरण किंवा गंभीर केस नसावी.

दोन-तीन रजांनंतरही तीच अवस्था राहिली, तर कामाचा प्रकार बदलावा. नसबंदी शिबिरांचे नियोजन, दत्तक घेणाऱ्यांच्या मुलाखती, हिशेब, शाळांमधून मुलांना कुत्र्यांशी कसे वागावे हे शिकवणे, ही सगळी कामे माणसांअभावी अडलेली असतात आणि त्यांत रक्त दिसत नाही. पूर्ण थांबायचे ठरले, तर महिनाभर आधी लेखी कळवावे. त्या महिन्यात फॉस्टरमधील प्राण्यांची सोय करावी, उधारी मिटवावी, आपला व्यक्तिगत क्रमांक सर्व यादींमधून काढून घ्यावा आणि किल्ल्या, नोंदवह्या व औषधांचा साठा मोजून नव्या माणसाच्या सहीने सुपूर्द करावा.